चेन पुली आणि घोडी: घरामागच्या शेडमध्ये लेथ उतरवला, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

चेन पुली (हातसाखळी ओढून वजन उचलायची) आणि घोडी (ती टांगायची चाकांवरची लोखंडी चौकट) जानेवारीत घेतली, आता पावसाळा पण जाऊन झाला म्हणून लिहितोय. घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, मागं दहा बाय सोळाची पत्र्याची शेड. उद्यमनगरातनं, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातनं, सहा फुटी जुना लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) घेतला. विकणारा म्हणाला पाच-साडेपाचशे किलो असेल, पण टेम्पो आधी रिकामा आणि मग भरून काट्यावर घातला तर 840 किलो निघालं. ही काट्याची पावती मी अजून जपून ठेवलीय, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरलं.

हायड्रा क्रेननं गेटपर्यंत आणून ठेवलं, बोळात ती येणारच नव्हती. पुढचे चाळीस फूट पाईप टाकून आणि पहारेनं ढकलत नेलं, बाबा पुढं पाईप लावायला आणि मी मागं. खरा प्रश्न शेडमध्ये होता, मशीन उचलून फाउंडेशन बोल्टवर बसवायचं कसं. गॅरेजवाल्या मित्राची दोन टनी हायड्रॉलिक इंजिन क्रेन आणून बघितली. पण दोन टन हे बूम (पुढं येणारा हात) आत घेतल्यावरचं, मला लागत होता तेवढा बाहेर काढला की शेवटच्या भोकावर 500 किलोच लिहिलेलं. शिवाय व्हॉल्व्ह जरा सैल केला की भसकन खाली येतं. इंजिनला चालत असेल, लेथला नाही.

म्हणून दोन टनी चेन पुली आणि फॅब्रिकेटरकडनं घोडी करून घेतली, वरती 150 मिमी उंचीचा आयबीम (लोखंडी तुळई), दोन्ही पायांत अंतर 3 मीटर, खाली चाकं. एक टनाला मधोमध साधारण 4 मिमी झुकेल असा हिशोब होता, लेथ लटकवल्यावर दोरा ताणून मोजलं तर साडेतीनच्या आसपास आलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पुलीवर मी बेहद्द खूश आहे, आणि ते उचलण्यापेक्षा उतरवण्यासाठी. हातसाखळी पुष्कळ ओढावी लागते, फूटभर वर न्यायला शंभरेक फूट साखळी हातातनं जाते, पण त्याच हिशोबानं खाली येताना कणाकणानं येतं. चारही बोल्ट भोकांत दिसेपर्यंत बाबा वाकून बघत होते आणि मी एकेक कडी सोडत होतो, अर्धा तास लागला पण एकाही बोल्टचा आटा गेला नाही. बाबांनी पस्तीस वर्षं फौंड्रीत टर्नर म्हणून, म्हणजे लेथवरच, काढली, त्यांच्यासमोर हे मशीन असं अलगद टेकलं याचा मला फार आनंद आहे.

बांधताना एक लक्षात ठेवा, लेथचं वजन हेडस्टॉककडं (जॉब फिरवणारं डावीकडचं डोकं) असतं. सॅडल (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (दुसऱ्या बाजूचा आधार) हेडस्टॉकपासून पार लांबच्या टोकाला सरकवून लॉक केले तेव्हा कुठं समतोल आला. उचलायचे कापडी पट्टे बेडखालनं घेतले, आणि लीड स्क्रूवर (बेडच्या बाजूनं जाणारा लांब आट्यांचा दांडा) दाबू नयेत म्हणून लाकडाच्या फळ्या घातल्या, तो वाकला की लेथ गेलाच. पट्टे हिरवे, म्हणजे दोन टनी. ते फार पसरट बांधू नका, आडव्यापासून तीस अंशावर आले की प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो, साठवर असतील तर निम्म्याहून थोडाच जास्त. आधी फक्त इंचभर उचलून पाच मिनिटं थांबलो, मशीन पुढं कलत होतं, खाली टेकवून पट्टे परत बांधले. खाली कोणी हात-पाय घालायचा नाही हे शेजारच्या पोरांना दहादा सांगावं लागलं.

आता तक्रारी. चाकं. नायलॉनची दिली होती, भार असताना घोडी सरकवली आणि शहाबादी फरशीला तडा गेला. आता चाकांखाली 8 मिमी पत्रा टाकतो, आणि भार घेऊन सरकवणं बंदच केलंय, घोडी जागच्या जागी ठेवून पुली टांगलेली चाकांची ट्रॉली बीमवरनं सरकवतो. दुसरं म्हणजे उंची, दोन टनी पुलीचे दोन हुक जवळ आणले तरी मधे दीड फूट जातोच, कमी उंचीच्या शेडमध्ये हे आधी मोजा, मला वरती जेमतेम चार बोटं उरली.

पावसाळ्यात एक गोष्ट घाबरवून गेली. वर ओढताना ब्रेकच्या खिट्टीचा कट कट आवाज येतो, ऑगस्टमध्ये तो यायचाच थांबला. उघडून बघितलं तर स्प्रिंग गंजून खिट्टी अडकलेली. तशीच वापरली असती तर भार धरलाच नसता. स्प्रिंग बदलली, आधी रिकामी आणि मग थोड्या वजनावर तपासली. साखळीला तेल लावा, पण ब्रेकच्या चकत्या कोरड्याच ठेवायच्या, तिथं तेल गेलं की पकड जाते.

त्यानंतर ह्याच घोडीवर अठरा इंची शेपर (धातू तासायचं मशीन) पण उतरवला, त्याचा रॅम, म्हणजे पुढं-मागं होणारा जड भाग, मधोमध आणून घट्ट करूनच. आता लेथचा चार जबड्यांचा मोठा चक (जॉब पकडायचा) बदलायला सुद्धा पुलीच वापरतो, कंबर वाचते. पुली आणि घोडी मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. चाकं मात्र दिवाळीनंतर लोखंडी घालून घेणार आहे, फॅब्रिकेटरला माप देऊन आलोय.