'सर्टिफाईड' आया पाठवणाऱ्या ब्युरोचा आमचा पाच महिन्यांचा अनुभव

ब्युरोचं नाव लिहीत नाहीये, कारण अजून त्यांच्याच बायका आमच्याकडे येतायत आणि मला रात्रीची झोप हवीये. पश्चिम उपनगरातला आहे, एवढंच.

सासूबाई ८१ वर्षांच्या. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी आल्या त्या कॅथेटरसकट (लघवीची नळी). आम्ही दोघं नोकरीवाले, मी गोरेगावहून चर्चगेटला जाते, म्हणजे सकाळी आठला घर सोडलं की परत यायला आठ. ब्युरोवाल्याने फोनवर दोन रेट सांगितले, साधी आया १२ तासांचे ८०० आणि 'सर्टिफाईड अटेंडंट' ९५०. वर २,००० रजिस्ट्रेशन, ते परत मिळत नाहीत. आम्ही दिवसाला आणि रात्रीला दोन्हीकडे सर्टिफाईड घेतली, म्हटलं म्हातारं माणूस आहे, दीडशे रुपयांकडे काय बघायचं.

पहिली आली तिचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं, सोनेरी बॉर्डर, मस्त. नीट वाचलं तर ते ब्युरोनेच दिलेलं होतं, तीन दिवसांचं ट्रेनिंग, सही ब्युरोच्या मालकाची. म्हणजे स्वतःच परीक्षा घ्यायची आणि स्वतःच पास करायचं! ती बाई गरीब होती, वाईट नव्हती, पण चौथ्या दिवशी कॅथेटरची बॅग उशीशेजारी ठेवून टीव्ही बघत बसलेली. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली लटकवायची असते, नाहीतर लघवी उलटी फिरते आणि इन्फेक्शन होतं, हे मला हॉस्पिटलच्या सिस्टरने डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटांत शिकवलं होतं. तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं असेल देव जाणे.

मग मी जरा खोदकाम केलं. (ऑफिसच्या वेळात, सॉरी.) नर्सचं कसं सरळ आहे, जीएनएम नावाचा नर्सिंगचा कोर्स ३ वर्षं, एएनएम नावाचा २ वर्षं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. घरी येणाऱ्या आयाला असं काही सक्तीचं नाही, त्यामुळे 'सर्टिफाईड' हा शब्द कोणीही कुठेही चिकटवतो. पण सरकारमान्य कोर्स आहेत. हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिलचे 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' असे दोन वेगळे जॉब रोल, पहिला मुख्यतः हॉस्पिटलच्या वॉर्डातला आणि दुसरा घरातल्या पेशंटसाठी. २०१३ पासून एनएसक्यूएफ म्हणून कौशल्यांची लेव्हल ठरवणारी जी चौकट आहे त्यात हे बसतात. २०१५ ला कौशल विकास योजना आली तेव्हापासून बऱ्याच मुलींनी हे फुकटात केलेत. खऱ्या सर्टिफिकेटवर जॉब रोलचं नाव आणि लेव्हल लिहिलेली असते आणि हल्लीच्यांवर क्यूआर कोडही असतो, तो स्कॅन करून बघायचा. हे ब्युरोवाल्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम तुम्ही इन्कमटॅक्समध्ये आहात का?

भांडल्यावर दोघी बदलून मिळाल्या.

दिवसाला आली ती २४-२५ ची पोरगी, नालासोपाऱ्याहून येते. तिचं सर्टिफिकेट खरं होतं. २०२१ च्या जूनमध्ये कोविडसाठी सरकारने एक लाख लोकांना शिकवायचा क्रॅश कोर्स काढला होता, त्यात सहा प्रकार होते, तिने त्यातला 'होम केअर सपोर्ट' केलेला. रात्रीला आली ती मावशी, पन्नाशीच्या पुढची, सतरा वर्षं हेच काम. कागद म्हणाल तर आधार कार्ड. पैसे मात्र तिचेही सर्टिफाईडचेच लावले होते, ते मला बिल आल्यावर कळलं.

आता खरी गंमत रात्री आठच्या ड्युटी बदलाची. एकदा मी नेमकी घरी पोचले तेव्हा मावशी सासूबाईंच्या टाचेला खोबरेल तेल लावून जोरजोरात रगडत होती, टाच लाल झाली होती ना म्हणून. पोरगी चप्पल घालून दारात उभी होती ती परत आत आली आणि म्हणाली, मावशी थांबा. तिने लाल जागेवर बोट दाबलं, सोडलं. "ताई बघा, दाबल्यावर पांढरं पडून परत लाल व्हायला पाहिजे. हे पांढरं होतच नाहीये." म्हणजे बेडसोर, पडून राहून होते ती जखम, सुरू झालेलीच. रगडलं तर आतली कातडी अजून खराब होते. तिने पोटरीखाली उशी दिली, टाच अधांतरी, गादीला टेकणार नाही अशी. मग माकडहाड आणि दोन्ही खुबे बघितले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दर दोन तासांनी कूस कुठली ते लिहायला रकाने आखले. डावी, पाठ, उजवी. मावशीचा चेहरा पडला होता, पण रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर रकान्यात 'उजवी' लिहिलेलं होतं, अक्षर वेडंवाकडं.

पण एवढ्यावरून सर्टिफिकेटवाली हुशार आणि बाकीच्या अडाणी असं समजू नका. सासूबाई अंघोळीला तयारच नसायच्या, हात झटकायच्या, एकदा पोरीला चापट मारली. ती रडायला लागली. हे तिला कोर्सात कोणी सांगितलंच नव्हतं की म्हातारं माणूस घाबरलं की मारतं. मावशीने दुसऱ्या दिवशी सकाळी जायच्या आधी काय केलं तर अंघोळ हा शब्दच काढला नाही. गरम पाण्यात रुमाल पिळला, आजींच्या हातात दिला, म्हणाली, माझी पाठ दुखतेय, तुम्हीच तुमचं तोंड पुसा बघू. तोंड, मग मान, मग हात, अर्ध्या तासात सगळं अंग पुसून झालं आणि आजी तिला सांगत होत्या की कोकणात त्यांच्या माहेरच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मावशीसारख्या बाईला कोर्सला पहिल्यापासून बसवायची गरज नाही. आरपीएल म्हणून सोय आहेच, म्हणजे आधीच काम येणाऱ्याला थोडं ओरिएंटेशन देऊन परीक्षा घ्यायची आणि सर्टिफिकेट द्यायचं. मावशीला विचारलं, का नाही दिलीत? म्हणाली, ताई, परीक्षेच्या दिवशी ड्युटी बुडणार, रोजी कोण देणार, आणि कागद आला तर ब्युरो मला काय जास्त देणारे?

इथे मी जरा गप्प झाले. मग दोघींना विचारलं, हातात किती पडतात? दोघींना ५५०. आम्ही भरतो ९५०. पोरीचा खरा कागद, मावशीची सतरा वर्षं, आणि त्या आधीच्या लॅमिनेटवालीलाही तेवढेच मिळत होते, तिने जाताना सांगितलेलं. म्हणजे 'सर्टिफाईड'चे जे दीडशे आहेत ते जातात ब्युरोच्या गल्ल्यात, ज्याने कुठलाच कोर्स केलेला नाही. अहो मग कशाला कोण सुट्टी टाकून परीक्षा देईल? पोरगी तर म्हणते की कुठल्यातरी मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात बघतेय, उभं राहायचं असतं पण निदान कोणी मारत नाही.

तर रेटिंग. पोरगी आणि मावशी, दोघींना पाचपैकी पाच. ब्युरोला दीड, तो अर्धा बदली माणूस त्याच दिवशी पाठवतात म्हणून, तेवढं खरंच चांगलं आहे. घेणारच असाल तर बाई यायच्या आधी सर्टिफिकेटचा फोटो मागवा आणि जॉब रोल वाचा, आणि पहिल्या दिवशी तिला पेशंटला कूस बदलायला सांगा आणि नुसतं बघा. हाताला धरून ओढते की अंगाखाली आडवी चादर घालून चादरीने सरकवते, तिथेच कळतं. चादरवाली ठेवा.

परवा ब्युरोतून फोन आला, फाइव्ह स्टार टाका मॅडम, पुढच्या महिन्यात एक दिवस फ्री देतो. मी विचारलं, त्या दिवसाचे ५५० त्या बाईला मिळणार ना? तर म्हणे आवाज येत नाहीये, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.