पिक्चर वापरून बघितलं (थिएटरवालं नाही)

आधीच सांगतो, पिक्चर हे आकृत्या काढायच्या एका छोट्या भाषेचं नाव आहे, स्पेलिंग वेगळं (Pikchr) पण उच्चार तोच, त्यामुळे "रात्री एक वाजेपर्यंत पिक्चर करत होतो" म्हटल्यावर आईने असं बघितलं की विचारू नका.

आमच्याकडे इंदूरला नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. बिल्डिंगमध्ये खाली हौद, मग मोटर, वर दोन टाक्या, बोरिंगची लाइन वेगळी, आणि कुठला वॉल्व्ह कधी फिरवायचा हे फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांना ठाऊक. ते मुलीकडे पुण्याला गेले की पाणी गच्चीवरून वाहतं नाहीतर मोटर कोरडी फिरते. म्हणून मोटरजवळ चिकटवायला एक नकाशा हवा होता. आधी वर्डमध्ये केला, एक डबा सरकवला की बाण तिथेच लटकलेला, डोकं फिरलं.

पिक्चरमध्ये नुसतं लिहायचं. सिलिंडर, ॲरो, बॉक्स, एकाखाली एक, आत नाव अवतरणचिन्हांत. बाण आपोआप आधीच्या वस्तूच्या कडेपासून निघतो, चित्र डावीकडून उजवीकडे जातं, डाउन लिहिलं की खाली वळतं. सिलिंडरचा आकार तयारच आहे, म्हणजे टाकी फुकटात मिळाली! काका परत आले आणि म्हणाले, "अरे, मधला नॉन-रिटर्न वॉल्व्ह कुठे गेला?" मधे दोन ओळी टाकल्या, पुढचं सगळं स्वतःच सरकलं. पैसे वसूल तिथेच झाले, म्हणजे पैसे लागतच नाहीत, सोर्ससकट (म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडसकट) फुकट आहे.

बनवणारे डी. रिचर्ड हिप, एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे. मूळ कल्पना बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या ब्रायन कर्निघन यांच्या पिक या जुन्या भाषेची. अख्खा प्रोग्राम सी भाषेतल्या एका फाइलीत, बाहेर एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारी चित्राची फाइल) निघतं, इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येही चालवता येतं. चुकलं तर नेमक्या जागेखाली ^ अशा टोप्या काढून दाखवतो.

आता कुरकुर. अक्षरांची रुंदी तो अंदाजाने धरतो, त्यामुळे फिट (डबा नावाच्या मापाचा कर, अशी सूचना) लिहूनही मराठी नावांना डबा ढगळ बसतो, मला रुंदी हाताने द्यावी लागली. एखाद्या डब्याला किंवा बाणाला पुढे ओळखायला दिलेलं खुणेचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरानेच सुरू करायचं, स्मॉल चालत नाही, यात माझा अर्धा तास गेला. व्हॉट्सॅपवर एसव्हीजी फोटोसारखी दिसत नाही, शेवटी स्क्रीनशॉटच पाठवला. आणि पन्नास डबे, शंभर बाण असा गुंता असेल तर याच्या नादी लागू नका, मांडणी तुम्हालाच सांगावी लागते, त्याला ग्राफव्हिझ हा आकृत्या काढायचा दुसरा प्रोग्राम बरा, तो जागा स्वतः ठरवतो.

माझे पाचपैकी चार स्टार. नकाशा लॅमिनेट करून लावलाय, काकांनी लगेच त्यावर पेनाने अजून एक वॉल्व्ह काढून ठेवलाय.