शेवाळाच्या धाग्यांची पट्टी: घरच्या शुश्रूषेतील अनुभव

वडिलांच्या उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूची जखम गेल्या पावसाळ्यात चिघळली. पायाच्या शिरा फुगण्याच्या जुन्या दुखण्यातून झालेल्या या जखमेतून इतके पाणी वाहू लागले की सकाळी बांधलेले गॉज दुपारपर्यंत भिजून जाई. त्याहून कठीण असे ते गॉज काढणे. सलाईनने कितीही ओले केले तरी जाळीबरोबर नुकतीच धरलेली कोवळी त्वचा निघून येई, रक्त येई, आणि वडील खाटेची कड घट्ट धरून डोळे मिटून घेत. तेव्हा सर्जननी कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी लिहून दिली.

पिंजलेल्या कापसाच्या पातळ थरासारखी दिसणारी ही पट्टी तपकिरी समुद्रशेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या धाग्यांची असते. हा पदार्थ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड यांनी 1881 च्या सुमारास शेवाळातून वेगळा केला. जखमेच्या स्रावातील सोडियम आणि धाग्यांतील कॅल्शियम यांची अदलाबदल झाली की धागे फुगतात आणि त्यांचे मऊ जेल बनते. स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते वीस पट स्राव धरूनही ते जखमेचा पृष्ठभाग ओलसर ठेवते. खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले होते.

दोन दिवसांनी पहिली पट्टी उघडली तेव्हा मी घाबरलो. जखमेवर पिवळट तपकिरी, बुळबुळीत थर होता आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा वास येत होता, त्यामुळे पू झाला असेच मला वाटले. परिचारिकाबाईंनी सलाईनची धार सोडली, थर सहज वाहून गेला आणि खाली स्वच्छ, लाल मांस दिसले. त्या दिवशी वडिलांनी खाटेची कड धरली नाही. या पट्टीबद्दल दुसरे काही सांगायचे नसते, तरी एवढ्यासाठी मी ती सुचवली असती.

पाकिटावर हे रूप आणि हा वास यांचा उल्लेख ठळक अक्षरांत असायला हवा होता. पट्टी जखमेच्या आकाराचीच कापायची असते, हेही आम्हाला उशिरा कळले. सुरुवातीला ती भोवतालच्या चांगल्या त्वचेवर पसरत होती, आणि ती त्वचा ओलाव्याने पांढरी पडून सुरकुतली. वरून शोषक पॅड आणि बँडेज लागतेच, त्याचा खर्च वेगळा. एकेक पट्टीही साध्या गॉजच्या कितीतरी पट महाग पडते. मात्र आमच्याकडे दिवसातून दोनदा होणारे ड्रेसिंग दोन दिवसांतून एकदा होऊ लागले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

एक चूक मात्र माझी स्वतःची. स्राव कमी झाल्यावरही मी तीच पट्टी लावत राहिलो, आणि ओलाव्याअभावी धागे कोरडे राहून गॉजसारखेच चिकटले. कोरड्या जखमेवर किंवा काळ्या, कडक खपलीवर ही पट्टी लावायची नसते.

शेवाळाने जखम बरी केली असे मी म्हणणार नाही. शिरांच्या जखमा इतर पट्ट्यांपेक्षा अल्जिनेटने लवकर भरतात, असा ठोस पुरावा संशोधनात मिळालेला नाही. अशा जखमेचा मुख्य उपचार म्हणजे पायातील रक्तपुरवठा तपासून मगच बांधायचे दाबाचे बँडेज. ते वडिलांनी उकाड्यातही नेटाने बांधून घेतले. जखम वाहती असेपर्यंत अल्जिनेट वापरावे, आणि पट्टी काढताना तिचे जेल झालेले दिसेनासे झाले की सर्जनना विचारून ते थांबवावे. आमच्या उरलेल्या चार पट्ट्या आता कपाटात आहेत, आणि घोट्यावर गुलाबी, पातळ त्वचा आली आहे.