बिग जपान की डीडीटी? कोराकुएन हॉलमधील एका संध्याकाळची निवड

टोकियोत एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि न्यू जपानसारख्या बड्या संस्थेऐवजी स्वतंत्र व्यावसायिक कुस्तीचा कार्यक्रम पाहायचा असेल, तर निवड बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते. एक १९९५ साली कार्यक्रम सुरू केलेली ‘बिग जपान’ आणि दुसरी १९९७ साली सुरू होऊन सान्शिरो ताकागी यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली ‘डीडीटी’. डीडीटी २०१७ पासून सायबरएजंट या बड्या कंपनीच्या मालकीची असल्याने तिला स्वतंत्र म्हणणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु प्रेक्षक आणि परंपरा या दोन्ही अर्थांनी ती अजून त्याच गोतावळ्यातली आहे. दोन्ही संस्था सुइदोबाशी स्थानकाजवळच्या कोराकुएन हॉलमध्ये नियमित कार्यक्रम करतात. १९६२ साली उघडलेले हे सभागृह इमारतीच्या पाचव्या मजल्यावर असून तेथे दीड-दोन हजार प्रेक्षक मावतात आणि अगदी मागच्या रांगेतूनही छातीवर बसलेल्या चपराकीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

ज्याची नजर मातीतल्या कुस्तीवर तयार झाली आहे, त्याने एक गोष्ट आधी मान्य करावी. येथे निकाल ठरलेला असतो. म्हणून कोण चीतपट झाले यापेक्षा ती पाठ टेकण्यापर्यंतचा प्रवास कसा रचला आणि तो शरीराने किती खरा करून दाखवला, यावर लढतीचे मोल ठरते. मात्र ही कसोटी दोन्ही संस्थांना एकाच पद्धतीने लावता येत नाही.

बिग जपानची ख्याती ‘डेथमॅच’साठी आहे. ट्यूबलाइट, काटेरी तार, खिळ्यांच्या फळ्या अशी सामग्री रिंगणात असते. ट्यूब फुटली की दबका स्फोट होतो, आतली पांढरी पूड धुरासारखी वर उठते आणि काचेचे बारीक तुकडे पहिल्या रांगेपर्यंत येऊ शकतात. नवखा प्रेक्षक रक्त किती सांडले यावरून लढत जोखतो, आणि तेथेच फसतो. पाहायचे असते ते दोन प्रहारांमधले अंतर. मल्ल फळी कोपऱ्याला टेकवून ठेवतो, प्रतिस्पर्धी मुकाट्याने पडून वाट पाहतो आणि मग ठरल्याबरहुकूम तिच्यावर आपटतो, अशी लढत कितीही रक्तरंजित असली तरी दुबळीच. याउलट फळी सुरुवातीपासून समोर उभी असते, दोघेही तिच्यापासून जीव वाचवत पकडी घेतात, एकदा-दोनदा डाव उलटतो आणि मग कोणीतरी तिच्यावर जाते, तेव्हा तो आघात प्रेक्षकाच्या मनात आधीच घडून गेलेला असतो. जून कासाई आणि र्‍यूजी इतो यांची नोव्हेंबर २००९ मधील कोराकुएन हॉलमधली लढत ‘टोक्यो स्पोर्ट्स’ या दैनिकाने त्या वर्षातली सर्वोत्तम ठरवली. दाढीची पाती लावलेल्या फळीची ती लढत बड्या संस्थांच्या लढतींना मागे टाकून गेली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच संस्थेची दुसरी बाजू शस्त्रांविनाच्या दणदणीत लढतींची आहे आणि तिच्यासाठी २०१२ पासून स्वतंत्र अजिंक्यपद आहे. या बाजूने नाव कमावलेल्या दाइसुके सेकिमोतो यांच्यासारखा मल्ल जर्मन सुप्लेक्स, म्हणजे मागून कंबरेला मिठी मारून उलटे फेकण्याचा डाव, मारतो तेव्हा प्रतिस्पर्ध्याला मागे फेकून स्वतः कमान धरून राहतो. ती कमान विजय ठरवणारी पंचांची तिसरी थाप पडेपर्यंत ढळते का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

डीडीटीत विनोद अधिक आणि नियम सैल. २००० साली सुरू झालेले तिचे ‘आयर्नमॅन हेवीमेटलवेट’ अजिंक्यपद पंच हजर असतील तर कुठेही, केव्हाही हिरावून घेता येते आणि ते शिडीकडे व मांजराकडेही जाऊन आले आहे. याला पोरखेळ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो, पण कोता इबुशी यांची योशिहिको या बाहुलीशी झालेली लढत बारकाईने पाहावी. बाहुली काहीच करत नाही. तिने फेकले असे वाटावे म्हणून इबुशी स्वतःचे शरीर हवेत गिरकी घेऊन आपटतात. दोघांचे काम एकटाच करत असतो. अशा लढतीत कौशल्य मोजायचे ते हसू आले की नाही यावर नव्हे, तर हसता हसता क्षणभर बाहुली जिवंत वाटली की नाही यावर.

जाणकारांमध्ये पाच ताऱ्यांच्या मापाने गुण देण्याची रीत आहे. ती मला या कार्यक्रमांसाठी अपुरी वाटते, कारण प्रत्येक लढत सुटी मोजली की क्रमाचे भान सुटते. पहिल्या लढतीतला काळ्या चड्डीतला नवशिका मोजकेच डाव वापरतो, ते मोठे डाव पुढच्यांसाठी राखून ठेवायचे असतात म्हणून. जपानी प्रेक्षक जमिनीवरच्या पकडीच्या वेळी गप्प असतात, तेही कंटाळ्याचे लक्षण मानू नये.

माझा कौल बिग जपानला आहे. एकाच कार्यक्रमात डेथमॅच, दणदणीत लढत आणि थोडा विनोदही मिळत असल्याने पारख तिथे लवकर तयार होते. जागा मात्र रिंगणालगतची न घेता चढत्या पायऱ्यांवरची घ्यावी. काचेपासून सुटका होते आणि चारही कोपऱ्यांतली मांडणी दिसते. रक्त सोसत नसेल किंवा मुले बरोबर असतील तर डीडीटी घ्यावी, तेही थट्टेचा बाज मुलांना चालेल याची चौकशी करून.

प्रवास शक्य नसेल तर २०२० पासून यूट्यूबवर मोफत दिसणारी ‘चोकोप्रो’ ही कुस्तीमालिका आहे. टोकियोच्या इचिगाया भागातील एका लहानशा खोलीत, दोरखंडाविना, केवळ गादीवर आणि खिडकीच्या कट्ट्यावरून उड्या मारत या लढती होतात. बलियान अक्की या भारतीय मल्लाने तिथेच नाव कमावले. रिंगण नसताना मल्ल अंतर आणि वेळ कशी साधतात हे तिथे फार जवळून दिसते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी अशा दोन-तीन लढती पाहून ठेवाव्यात.