सेरेनिटी (2005): रिव्हरसाठी पाहाच, पण आधी मालिका

स्पेसशिपवाले पिक्चर आवडणाऱ्या सगळ्यांना सांगून राहिलो, सेरेनिटी सोडू नका. आमच्या धरमपेठच्या ग्रुपात अर्ध्या लोकांनी नावही ऐकलं नव्हतं म्हणून इथं लिहितोय. फायरफ्लाय मालिकेचा हा पुढचा भाग. मालिका चॅनलनं 2002 मध्येच बंद करून टाकली, 14 भाग बनले होते त्यातले 3 तेव्हा दाखवलेच नाही आणि सगळ्यांची ओळख करून देणारा पहिला भाग दाखवला सगळ्यात शेवटी, मग लोकांना काय कळणार! ती अर्धवट राहिलेली गोष्ट दोन तासांत संपवायची म्हणून पिक्चर असा सुसाट सुटतो की चहा ठेवायला उठलात तरी काहीतरी हुकलंच समजा.

खरा जीव रिव्हरमध्ये आहे. या पोरीला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, सरकारनं शाळेच्या नावाखाली नेऊन तिच्या डोक्यावर प्रयोग केले, तिचं हत्यार बनवलं. आणि ते हत्यार कसं झालं बघायला संसदेतले मोठमोठे लोक स्वतः येऊन उभे राहिले, म्हणजे मन वाचणाऱ्या पोरीसमोर पोटात गुपितं घेऊन! त्यातलं एक तिच्या डोक्यात शिरलं, काय आहे ते तिलाही नीट माहीत नाही आणि त्यापायी सगळे तिच्या मागे. बाकी ठिकाणी शक्ती म्हणजे बक्षीस असतं, हिला ती दुखते, झोपू देत नाही, हेच मला सगळ्यात आवडलं. सुरुवात तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी: शाळेचा वर्ग, तो निघतो तिच्या डोक्यातला, खरी ती प्रयोगशाळेत खुर्चीवर, भाऊ येऊन सोडवतो, आणि हे सगळं रेकॉर्डिंग, जे तिला शोधायला निघालेला माणूस उभा राहून पाहून राहिला.

रिव्हर झालेली समर ग्लाऊ बॅले शिकलेली आहे, बारमधल्या मारामारीत ते दिसतं. टीव्हीवरची एक फालतू जाहिरात पाहत उभी असते आणि मग एकामागून एक माणसं आडवी, चेहऱ्यावर राग नाही काही नाही. जबरा! तिला शोधणारा तो माणूस, म्हणजे चुइटेल एजिओफोरचा व्हिलन पण भारी, आपण चांगल्यासाठीच करून राहिलो असं त्याला मनापासून वाटतं म्हणून जास्त भीती वाटते.

मालिकेतला पाद्री शेफर्ड बुक आणि मालिकेतलीच इनारा, या दोघांच्या वाट्याला इथं फारच थोडं आलं. शेवटाकडे एक मरण इतकं अचानक येतं की रडायलाही वेळ मिळत नाही, मला ते अजूनही पटलं नाही.

मालिका आधी पाहा, दाखवली त्या नाही, बनवली त्या क्रमानं. लहान पोरांना सोबत बसवू नका, माणसं खाणारी टोळी आहे यात. आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर फुल्ल सोडून पाहणार असाल तर हेडफोन लावा, रिव्हर बरंच पुटपुटते, कूलरच्या आवाजात नेमकं तेच जातं.