भाकर, पोळी की भात? रेशनच्या धान्याला ज्वारीची जोड किती द्यावी

अकोला-अमरावतीकडे भाकर मागे पडून पोळी आली. भंडारा-गोंदियाकडे भात होता, तो भातच राहिला. आता दोन्हीकडे डॉक्टरांनी साखर सांगितली की घरात पहिला प्रश्न निघतो, भात बंद करायचा का? बंद करायची गरज नाही. मोजायची गरज आहे, आणि रेशनच्या गहू-तांदळाला माणशी रोज एका भाकरीची जोड द्यायची गरज आहे.

आधी तिन्ही एका मापात घेऊ. 70 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मध्यम भाकर, तेवढ्याच कणकेच्या अडीच लहान पोळ्या आणि 60 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात, म्हणजे वरणाच्या वाटीने साधारण दीड वाटी. कर्बोदकं तिन्हींत जवळपास सारखीच, 45 ते 47 ग्रॅम. त्यामुळे भाकरीनं साखर वाढतच नाही, हा समज सोडून द्या. पोटभर म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच.

फरक आहे तो कर्बोदकांसोबत पोटात काय जातं याचा. भाकरीत चोथा 7 ग्रॅमच्या आसपास, पोळ्यांत 8, आणि पांढऱ्या भातात दोनच्याही आत. प्रथिनं भाकरीत आणि पोळ्यांत सुमारे 7 ग्रॅम, भातात 5. लोह भाकरीत पावणेतीन मिलिग्रॅम, भातात अर्धा मिलिग्रॅमही नाही. चोथा अन्नातली साखर रक्तात सावकाश सोडतो आणि पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतो.

म्हणजे गहू ज्वारीपेक्षा कमी कसाचा नाही. पोळी हरते ती चाळणीमुळे. कणीक बारीक चाळून कोंडा गाईला टाकला की चोथा आणि लोहाचा मोठा वाटा गाईकडे गेला. पीठ चक्कीवरून आणा आणि चाळायचंच असेल तर काडीकचरा, किडे निघण्यापुरती मोठ्या भोकांची चाळणी वापरा. मैद्याची गोष्ट वेगळी. त्यात कोंडा उरतच नाही, म्हणून टोस्ट, खारी आणि बिस्किटं या तुलनेत धरलीच नाहीत.

आता हिशेब. अन्नसुरक्षा योजनेतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली दिलेल्या आहारात 2000 कॅलरींसाठी दिवसाला 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. धान्याच्या 250 तून रेशनचे 165 गेले की उरले 85 ग्रॅम, म्हणजे जरा मोठी एक भाकर! महिन्याला माणशी अडीच किलो ज्वारी, पाच माणसांच्या घराला साडेबारा किलो. विकत घ्यायची ती एवढीच. तेवढ्याच पैशात ओट्सचं पाकीट आणण्यात काही अर्थ नाही.

250 ग्रॅमचं माप मात्र सगळ्यांना लावू नका. त्याच संस्थेच्या 2020 च्या आकड्यांनुसार बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी लागतात, जड अंगमेहनत करणाऱ्याला 3470. बाईला अनुक्रमे 1660 आणि 2720. दिवसभर निंदण किंवा कापूस वेचणी करणाऱ्या बाईच्या शिदोरीतली भाकर साखरेच्या भीतीनं अर्धी करणं हा तिच्यावर अन्याय आहे. दुकानात बसणाऱ्याचं ताट वेगळं आणि तिचं वेगळं.

आपली भाकर किती ग्रॅमची, ते एकदा काढून ठेवा. एक किलो पिठाच्या किती भाकरी झाल्या ते मोजा. चौदा झाल्या तर एक 70 ग्रॅमची, नऊच झाल्या तर 110 ग्रॅमची. पश्चिम विदर्भात बऱ्याच घरांची भाकर दुसऱ्या प्रकारची असते आणि "मी तर एकच खातो" या बोलण्यातली गफलत तिथंच होते.

भाकर येत नाही म्हणून ज्वारी सोडलेली घरंही खूप. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी घ्या, चमच्यानं कालवा, हाताला सोसवेल तसं तळहातानं रगडून मळा. थापताना कडा चिरत असतील तर पाणी थंड होतं किंवा पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ दहा-बारा दिवसांत कडवट होऊ लागतं आणि भाकरही तुटते, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतंच दळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटवा, मग निखाऱ्यावर फुगू द्या. तेल लागतच नाही, आणि पोळीपुढे ज्वारीची ही जमेची बाजू आहे. कणकेत मोहन, घडीत तेल आणि वरून तूप गेलं की पोळीच्या कॅलरी बघता बघता वाढतात.

थापणं जमतच नसेल तर कण्या करा. ज्वारी भरड दळून, एक वाटीला चार वाट्या पाणी घालून मऊ शिजवा आणि ताकासोबत खा. भरड दाणा पिठापेक्षा सावकाश पचतो.

घेताना ज्वारी हातात घेऊन बघा. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाण्यावर बुरशी येते, दाणा काळा पडतो. धुऊन, वाळवून रंग सुधारतो, पण बुरशीचं विष दाण्यात राहू शकतं. स्वस्त मिळते म्हणून काळी ज्वारी खाण्यासाठी घेऊ नका.

नुसत्या ज्वारीवरही भागत नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीशिवाय फारसं काही न मिळणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा कातडी काळवंडण्याचा आजार दिसत असे. शिवाय ज्वारीतल्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. म्हणून चून-भाकर किंवा तुरीच्या वरणात कुस्करलेली भाकर हे पूर्ण जेवण आहे, तिखट-मीठ लावून खाल्लेली भाकर नाही. सोबत कच्चा कांदा, लिंबू किंवा अंबाडीची भाजी असू द्या, आंबटानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, एक तास जाऊ द्या.

पूर्व विदर्भात भात सोडा म्हणण्यात अर्थ नाही, सोडायचीही गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी हा धानाचा वाण याच मातीतला. दोष वाणाचा नसून मिलमधल्या पॉलिशचा आहे. कमी पॉलिशचा तांदूळ मिळाला तर तो घ्या, नाहीतर उकडा घ्या, कारण धान उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. तांदूळ चारदा चोळून धुऊ नका आणि पेज फेकू नका, जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे दिसतात, त्यांना प्लास्टिक समजून वेचून टाकलं जातं. फोर्टिफाइड तांदूळ असेल तर शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 घालून तांदळाच्याच पिठापासून केलेला असतो. तो राहू द्या.

शिळ्या भातानं साखर थोडी कमी वाढते, हे खरं. पण आपल्या उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत बाहेर ठेवला तर त्यात जे विष तयार होतं, ते फोडणी दिल्यानंही जात नाही. फ्रिज नसेल तर भात एका वेळेपुरताच लावा.

लहान लेकरांना आणि जुलाब लागलेल्यांना मात्र भातच द्या, मऊ, वरण आणि थोडं तूप घालून. लेकराचं पोट लहान असतं. चोथ्यानंच भरलं तर पुरेशी ताकद मिळत नाही.

उपासाला साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. त्यापेक्षा भगर, राजगिरा, उकडलेलं रताळं किंवा भंडारा-गोंदियाच्या तलावांतला शिंगाडा चांगला.

मधुमेह असेल तर कोणाच्या सांगण्यावर न जाता स्वतः तपासा. एक दिवस 70 ग्रॅमची भाकर, दुसऱ्या दिवशी दीड वाटी भात. वरण, भाजी आणि जेवणाची वेळ दोन्ही दिवशी तीच. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा, आणि हे दोन-तीनदा करा. ज्या अन्नानं आकडा कमी येतो, ते तुमच्यासाठी बरं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धान्य एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर अचानक घसरू शकते. तपासाच्या दिवसांत चहातली साखरही मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे 50 ग्रॅम साखर. तिच्यातली कर्बोदकं एका भाकरीपेक्षा जास्त आणि चोथा शून्य.