‘ड्रेस’ची कुंडली सांगणारा कोश

आमच्या देवगडच्या हायस्कुलात इंग्रजीही माझ्याकडे आणि एनसीसीही. ‘दाहिने सज’ म्हटलं की मुलं माना उजवीकडे वळवून रांग सरळ करतात. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, रांग सरळ करायची, तर ‘सज’ कशाला?” मूळ इंग्रजी हुकूम आहे ‘राइट ड्रेस’. मग उत्तर ‘ड्रेस’ या शब्दातच शोधायला हवं.

त्यासाठी मी डग्लस हार्पर यांचा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा मोफत कोश वापरते. ‘ड्रेस’चं मूळ लॅटिनमधल्या ‘सरळ केलेलं’ या अर्थाच्या शब्दात आहे. तिथून तो जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता सरळ करणं, नीट लावणं, तयार करणं. कपडे अंगावर चढवणं हा अर्थ नंतरचा. म्हणजे परेडच्या हुकमात जुना अर्थ अजून टिकून आहे! आरोग्य केंद्रातलं जखमेचं ड्रेसिंगही त्याच ‘नीट करण्या’तून आलं, आणि साफ केलेल्या मासळीला इंग्रजीत ‘ड्रेस्ड फिश’ म्हणतात तेही. आपल्याकडे मात्र ‘ड्रेस’ म्हणजे एकतर पंजाबी ड्रेस, नाहीतर शाळेचा गणवेश. आणखी मागे गेलं की ‘सरळ रेषेत नेणं’ या अर्थाचा धातू लागतो. आपला ‘राजा’ही त्याच घराण्यातला. हे सांगितलं तेव्हा वर्ग अगदी गप्प झाला होता.

‘डंगरी’चं पानही जरूर वाचा. बंदरावर इंजिनाचं काम करणारे जी डांगरी घालतात, तिचं नाव एका जाड्याभरड्या सुती कापडावरून पडलं आणि त्या कापडाचं मुंबईच्या डोंगरीवरून, असं मानतात.

पावसात रेंज जेमतेम असली तरी माझ्या फोनवर पान उघडतं. नोंदी मोजक्या शब्दांत आहेत, हे मला फार आवडतं. सगळं इंग्रजीत असल्यानं पाचवी-सहावीच्या मुलांशेजारी मोठं माणूस बसायला हवं. दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. शब्दापुढचं साल हे तो लिहिलेला पहिल्यांदा सापडला त्याचं असतं, बोलण्यात तो त्याआधीही असू शकतो. आणि ज्या मुळापुढे चांदणी असते, ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेनं बांधलेलं आहे. एवढं कळलं की नववी-दहावीच्या मुलांच्या हाती फोन देऊन खुशाल बाजूला व्हावं.